‘नॅनोज्यूस’ या नावाविषयी तक्रार

जुलै 2014 मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या जोनाथन लव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नॅनोकण असलेले द्रव उंदराला पाजून त्याच्या आतड्याची हालचाल घडत असतानाच त्यांनी पाहिली. विद्यापीठाने बातमी देताना या द्रवाला ‘नॅनोज्यूस’ म्हटले. नाव गोड आहे, पण त्यामुळे निबंधाचे मर्म झाकले जाते.

बारावीच्या रसायनशास्त्रात नॅनो रसायनाचे प्रकरण शिकलेला विद्यार्थी हे नाव ऐकून समजेल, की कण सूक्ष्म म्हणून आतडे दिसले. वास्तविक श्रेय नॅफ्थॅलोसायनिन या रंगद्रव्याचे. शरीरातील ऊती ज्या अवरक्ताजवळच्या प्रकाशाला बऱ्याच प्रमाणात वाट देतात, तोच प्रकाश हे द्रव्य जोराने शोषते. लेसरचा क्षणिक झोत पडला की ते किंचित तापून प्रसरण पावते, त्यातून ध्वनिलहरी निघतात आणि सोनोग्राफीप्रमाणे त्या टिपता येतात. मग नॅनो कशाला? हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याच्या कणांना साबणासारख्या रेणूंचे आवरण द्यावे लागले. पुढे मिश्रण थंड केले, तेव्हा आवरणाचे जादा रेणू सुटे होऊन काढून टाकता आले आणि गडद रंगाचे, दाट द्रव मिळाले. ही थंडीची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटली. नावात तिचा मागमूसही नाही!

दुसरा गुण असा, की हे कण रक्तात न शिरता मलावाटे बाहेर पडले. येथे शिक्षकाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. घाटकोपर-मुलुंडकडच्या क्ष-किरण केंद्रांतही ‘बेरियम मील’ म्हणून खडू कालवल्यासारखे पांढरे द्रव पाजतात. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी. बेरियम सल्फेट मात्र जवळजवळ अविद्राव्य, म्हणून चालते. शाळेत सल्फेटची परीक्षा घेताना परीक्षानळीच्या तळाशी बसतो तोच हा पांढरा साका. अंगी न लागणे हा दोन्ही पेयांचा सद्गुण. ‘ज्यूस’ म्हटल्यावर नेमके उलटे मनात येते.

आणि हे सारे उंदरावर. त्याचे आतडे कातडीखाली फार तर एक-दोन सेंटिमीटरवर असते. माणसाचे पोट कितीतरी जाड. तेथे लेसरचा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि क्षीण होतो, क्ष-किरण मात्र आरपार जातात.