सामायिक आरोग्य-नोंदी आणि सार्वजनिक-खासगी भागीदारी : अंबरनाथ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातील रुग्णाची वाट साधारणपणे ठरलेली असते. प्रथम गल्लीतील खासगी दवाखाना, नंतर डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय, तेथून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि प्रकृती गंभीर असल्यास कळवा किंवा मुंबई. टप्पा बदलला की केसपेपर नवा निघतो, रक्ताच्या तपासण्या बहुधा पुन्हा होतात, आणि मागील उपचारांचा पुरावा म्हणजे नातेवाइकाच्या हातातील प्लास्टिकची पिशवी. इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींच्या कोणत्याही योजनेची परीक्षा या पिशवीपाशीच व्हावयास हवी.

27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना तत्त्वतः विचारपूर्वक केलेली आहे. 14 अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते व रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरास दिसते. मानके शासनाची, सॉफ्टवेअर मात्र खासगी कंपन्यांचेही. इंग्लंडमध्ये 2002 साली मोजक्या मोठ्या कंत्राटदारांवर भिस्त ठेवून उभारलेला राष्ट्रीय कार्यक्रम 2011 मध्ये गुंडाळण्याचा निर्णय घ्यावा लागला, हे लक्षात घेता असे विकेंद्रीकरण शहाणपणाचेच ठरते.

दोष आढळतो तो मोबदल्याच्या सूत्रात. 1 जानेवारी 2023 पासूनच्या प्रोत्साहन योजनेत ठरावीक मर्यादेपलीकडे जोडलेल्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालयास 20 रुपये ठरविण्यात आले. सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या कंपनीसही त्यात वाटा होता. मोबदला नोंद जोडण्याचा होता, वाचण्याचा नव्हे. छाया रुग्णालयात जोडलेली नोंद उल्हासनगरच्या डॉक्टरांनी उघडली काय, एखादी तपासणी त्यामुळे वाचली काय, याची गणना या सूत्रात नव्हती. खासगी भागीदार जे मोजले जाते तेच वाढवितो. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

दुसरा प्रश्न कंत्राट संपल्यानंतरचा. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंत्राटदारामार्फत चालणारी माहिती प्रणाली जुलै 2022 मध्ये बंद झाली आणि बाह्यरुग्ण विभागांस पुन्हा कागदाकडे वळावे लागले. नोंद जेथे तयार होते तेथेच राहते, ही विकेंद्रित रचनेची खूण. परंतु ते 'तेथे' जर कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर करार संपताना नोंदी कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत द्यावयाच्या, हे कलम प्रत्येक करारात आधीच असावयास हवे. दराच्या वाटाघाटींपेक्षा त्याचे महत्त्व अधिक आहे.

संमतीबाबत 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सूचना मराठीतही वाचण्याची सोय अपेक्षिली आहे. तथापि सांकेतिक क्रमांक येतो तो मोबाइलवर, आणि अनेक घरांत मोबाइल एकच असतो. सुनेच्या प्रसूतिपूर्व तपासणीची नोंद सासऱ्यांच्या मोबाइलवरील अंकांनी उघडत असेल, तर तांत्रिकदृष्ट्या संमती मिळालेली असते. ती कोणाची, हे मात्र प्रणालीस ठाऊक नसते.