विपुलतेचा सोहळा आणि ज्येष्ठातली रिकामी कणगी



2024 च्या ज्येष्ठात पुतणीचा निरोप आला. "काका, 21 जूनला संध्याकाळी गंगापूर रोडला आमचा समर सॉल्स्टिसचा सोहळा आहे. पृथ्वीशी नातं जोडायचं, विपुलतेचा उत्सव करायचा. तुम्ही माळकरी, तुम्हाला आवडेल." त्या दिवशी वटपौर्णिमाही होती. निवृत्तिनाथांची पालखी त्याच आठवड्यात त्र्यंबकेश्वराहून निघाली होती आणि मी नाशिकातून दिंडीत सामील होणार होतो. पडशी भरून झाली होती, एक संध्याकाळ मोकळी होती, म्हणून गेलो.

सोमेश्वराच्या अलीकडे एका बंगल्याची हिरवळ. तीसेक माणसं, सगळी अनवाणी. मधोमध गहू, तांदूळ, मूग आणि मसूर यांची बैलगाडीच्या चाकाएवढी रांगोळी, तिच्यावर लंगडा आंबे, केळी, झेंडू आणि मेणाच्या पणत्या. एकेकाने पुढे येऊन वर्षभरात काय मिळालं ते सांगायचं. कोणी नवं घर सांगितलं, कोणी मुलाची परदेशातली नोकरी. मग हात धरून, डोळे मिटून सगळ्यांनी 'माझ्यापाशी भरपूर आहे' असं तीनदा म्हटलं.

चांगलं ते आधी सांगतो. पायातलं काढून मातीवर उभं राहावंसं वाटणं ही थट्टेची गोष्ट नाही. दहाव्या मजल्यावर राहणाऱ्याला ती भूक लागते आणि आपण वारकरी तिच्यावर हसलो तर ते आपल्याला शोभणार नाही. तिथे कोणी कोणाला जात विचारली नाही, कोणी मानाच्या जागेवर बसलं नाही. आपल्या काही सप्ताहांत व्यासपीठावर किती खुर्च्या असतात ते आठवलं, आणि मी गप्प राहिलो.

माझी हरकत आहे ती 'भरपूर' या शब्दाला, आणि तो उच्चारण्यासाठी निवडलेल्या दिवसाला.

21 जूनचा हा उत्सव उत्तरेकडच्या देशांत उगवला, आणि तिथे तो खराच आहे. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तर जूनमध्ये साडेअठरा तासांचा. इतका अंधार सोसलेल्या माणसांनी पानाफुलांचा खांब उभारून रात्रभर नाचावं, यात नवल नाही. सूर्य हीच त्यांची विपुलता. आपल्याकडे हा दिवस फार तर सव्वातेरा तासांचा, आणि त्यातला सूर्य बहुधा ढगाआड. शिवाय नाशिक कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य मे महिन्यातच आपल्या डोक्यावरून पुढे गेलेला असतो. त्या दिवशी भर दुपारी अंगणात काठी उभी केली, तर तिची इवलीशी सावली दक्षिणेकडे पडते. पंचांगात हा दिवस दक्षिणायनाच्या आरंभाचा, आणि त्याच सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो. आर्द्रा म्हणजे ओली. उन्हापेक्षा ओलाव्याचं नाव या दिवसांना आपल्या लोकांनी लावलं.

आणि घरात काय असतं? कणगीचा तळ दिसू लागलेला असतो. चांगलं दाणेदार ते बियाण्यासाठी बाजूला काढलेलं, उरलेलं आषाढ-श्रावणापर्यंत पुरवायचं. गंगापूर धरणातलं पाणीही वर्षातल्या नीचांकाजवळ आलेलं. कृषी खातं सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. म्हणून माणूस आभाळाकडे बघत थांबतो. 2023 साली तर मान्सून मुंबईला पोहोचेपर्यंत 25 जून उजाडला. त्या वर्षी 21 तारखेला 'भरपूर आहे' असं कोणत्या शेतकऱ्याने म्हणावं?

जमिनीशी आपलं खरं नातं या महिन्यात घेण्याचं नसतं, देण्याचं असतं. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई घरातलं उत्तम धान्य मातीत सोडते. ते परत येईल याची हमी कोणी दिलेली नसते. पेरून झालं की घरचा कर्ता उरलेलं पांडुरंगावर टाकून पंढरीची वाट धरतो. आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं काम काय, तर एकादशीचा उपवास. विपुलता येते ती पौर्णिमेला, गोपाळपुरात काल्याच्या रूपाने. काल्यात ज्याचं त्याचं लाही-दही एकत्र होतं आणि कोणाचं किती हे ओळखू येत नाही. 'माझ्यापाशी' हा शब्द तिथे टिकतच नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार उघडलं, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. त्या कोठाराची आरास कोणी केली नव्हती. अरणच्या सावता महाराजांनीही मळ्याभोवती हात धरून फेर धरला नाही, त्यांनी मोट हाकली आणि खुरपं चालवलं.

हे सगळं मनात घोळत असताना कार्यक्रम संपला. एक मुलगा मोठा झाडू घेऊन आला आणि रांगोळी लोटू लागला. गहू, मूग, तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, मेणाचे थेंब, सगळं एक. बागकाम करणाऱ्या बाई, पेठकडच्या, पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "थांब पोरा, मी नेते." दुसऱ्या दिवशी पुतणीने फोनवर सांगितलं की बाई सकाळपासून सूप घेऊन ते पाखडत, निवडत बसल्या होत्या.

मला राग आला होता, तो बोलूनही दाखवला असता. पण नंतर दिंडीत चालताना आमच्याच एका मुक्कामाची पंगत उठली. अर्ध्या खाल्लेल्या पत्रावळी, न फोडलेले लाडू, प्लॅस्टिकचे पेले. गावची दोन पोरं ते खड्ड्यात ढकलत होती. अन्नदानाचं पुण्य मोजणाऱ्यांपैकी त्या खड्ड्याकडे कोणी पाहिलं नाही, मीही पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. हिरवळीवरच्या त्या रांगोळीत आणि आमच्या पंगतीत मला त्या रात्री फार अंतर दिसेना. दोन्हीकडे उधळलेलं धान्य ज्याने पिकवलं, तो तिथे नव्हता. फरक एवढाच की तिथे सूप घेऊन बसणारं कोणी तरी होतं.

म्हणून हा सोहळा बंद करा असं मी पुतणीला म्हटलं नाही. तिने विचारलं तेव्हा इतकंच म्हटलं, की तांदूळ रांगोळीत घालायच्या आधी बाईंना विचार, त्यांच्या शेतात राब भाजून झाला का, भात कधी टाकणार. ती थोडी रुसली. "काका, तुम्हाला आमचं काहीच पटत नाही," म्हणाली.

करमाळ्याच्या पुढे असताना तिचा पुन्हा फोन आला. बाईंच्या शेतावर आवणीला चार-पाच माणसं कमी पडत आहेत, आम्ही तिघी जाणार आहोत, तुम्ही याल का, असं विचारत होती. म्हटलं, काला करून परततो. तोवर आवणी उरकली नसली तर येतो, पण मला आता वाकून फार वेळ काम होत नाही, हे बाईंना आधीच सांगून ठेव.