सोनेरी रंगावर परता : पाककृती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची एक परीक्षा

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की आज अ‍ॅप कसं वापरायचं याचा वर्ग आहे. तसं नाही. आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, तशी मला आज एका साधनाची करायची आहे. घरच्या पाककृती नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याला रेसिपी मॅनेजर म्हणतात, ते. कसोटी एकच ठेवलीय. ज्याला दिसत नाही, किंवा ज्याचं दिसणं कमी होत चाललंय, अशा माणसाला त्यातली स्वतःच्या घरची कृती एकट्यानं शोधून, ऐकून, रांधता येते का?

ही कसोटी फार थोड्यांची आहे असं समजू नका. आपल्याकडे मधुमेह किती घरांत आहे ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. काचबिंदू आहे, मोतीबिंदू आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं वहीत कृती उतरवून ठेवल्या, तिला तीच वही सत्तरीत वाचता येत नाही, असं सर्रास होतं. माझ्या आत्याचं तेच झालं. वही आहे, अक्षर तिचंच आहे, पानांवर हळदीचे डाग आहेत, आणि तिला विचारावं लागतं, “बघ रे, अनारशाला गूळ किती लिहिलाय मी?” हे विचारावं लागणं, ते मला खुपतं. मदतीला माणूस आहे की नाही हा प्रश्न नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःचंच लिहिलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, यातली चणचण वेगळी आहे.

आता सॉफ्टवेअर काय करतं? कृती खणांमध्ये ठेवतं. नाव एका खणात, साहित्य दुसऱ्यात, कृतीच्या पायऱ्या तिसऱ्यात, किती जणांसाठी ते चौथ्यात. २०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा एक सामायिक शब्दसंग्रह आणला. वेबपानावर जे लिहिलंय ते नेमकं काय आहे, हे यंत्राला सांगणाऱ्या खुणा. त्यात पाककृतीसाठीही खण आहेत. पॅप्रिकासारखं विकतचं अ‍ॅप घ्या, नाहीतर मीली किंवा टँडूरसारखं मुक्त सॉफ्टवेअर घ्या, पत्ता दिला की कृती आपोआप आत येते ती मुख्यतः या खुणांच्या जोरावर. जाहिरात, लांबलचक प्रस्तावना, लेखिकेचं बालपण, सगळं गळून पडतं आणि साहित्य-कृती तेवढी राहते. (हशा) अंध वाचकासाठी ही खरंच मोठी सोय आहे. कारण स्क्रीन रीडर सगळं ओळीनं वाचतो. डोळ्यांनी जे एका क्षणात ओलांडतो ते कानाला सोसावं लागतं.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी प्रणाली. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली तो सुरू केला, लगेच जेमी टे त्यांच्या जोडीला आले. दोघंही अंध. आजही तो फुकट आहे. त्यात वेबपानावर ‘एच’ दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी, ‘बी’ दाबलं की पुढच्या बटणावर. म्हणजे पान नीट बांधलेलं असेल तर ‘साहित्य’ या मथळ्यावरून ‘कृती’ या मथळ्यावर एका कळीत जाता येतं. पान नीट बांधलेलं असेल तर! तिथेच घोडं अडतं.

डिझाइन करणाऱ्यानं ‘साहित्य’ हा शब्द ठळक आणि मोठा केला, पण मथळा म्हणून खूण केली नाही, तर दिसायला तो मथळा आहे आणि कानाला नाही. हृदयाचं चित्र काढलं, त्याला नाव दिलं नाही, की स्क्रीन रीडर म्हणतो “बटण”. पुढे पुन्हा “बटण”. पुन्हा “बटण”. त्यातलं एक आवडीचं, एक छापायचं, एक कायमचं पुसून टाकायचं. कोणतं कोणतं, देव जाणे. पायऱ्यांचा क्रम बदलायला बोटानं ओढून वर-खाली करायची सोय असते, त्याला कळफलकाचा पर्याय नसतो. यातलं काहीही अवघड नाही. बटणाला नाव देणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वेब सुगम कसं करावं याचे नियम जगभर मान्य झालेत, आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. तरी होत नाही, कारण तपासणारा डोळस असतो.

आणखी एक. स्वयंपाक करताना हात कणकेचे असतात. डोळस माणसासाठी अ‍ॅपवाल्यांनी ‘पडदा विझू देऊ नका’ अशी सोय काढली. छान आहे. पण टॉकबॅकमध्ये पुढची ओळ ऐकायची तर काचेवर बोट सरकवावं लागतं आणि काही निवडायचं तर दोनदा टिचकी. कणकेच्या हातानं. पडदा जागा राहिला काय, झोपला काय, आत्याला फरक पडत नाही. तिला पाहिजे “पुढचं सांग” म्हटल्यावर पुढचं सांगणारं काहीतरी.

इथपर्यंतची तक्रार कुठल्याही भाषेतल्या माणसाची आहे. मराठीचं दुखणं याच्या पुढे सुरू होतं.

पहिलं म्हणजे आवाज. वेबपान कोणत्या भाषेत आहे याची एक खूण पानाच्या पोटात असते, तिच्यावरून एनव्हीडीए ठरवतो की कोणत्या भाषेचा आवाज लावायचा. आता अ‍ॅपची बटणं इंग्रजी, म्हणून सगळ्या पानावर खूण इंग्रजीची. आत मी लिहिलंय ‘खमंग काकडी’. इंग्रजी आवाजाला देवनागरी समोर आली की तो एकतर गप्प बसतो, नाहीतर भलतंच पुटपुटतो. मराठी आवाज नाही असं नाही. मुक्त असलेल्या ईस्पीकमध्ये मराठी आहे, गूगलच्या वाचक आवाजांत आहे. आवाज आहे, पण त्याला बोलवायचं कुणी सांगत नाही. ‘ही कृती मराठीत आहे’ असा एक खण हवा होता. साहित्याला खण, वेळेला खण, उष्मांकाला खण, आणि भाषेला नाही! कृती लिहिणारा आणि बटणं लिहिणारा एकाच भाषेचे असणार, असं गृहीतच धरलेलं.

दुसरं म्हणजे माप. आपल्याकडे १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापलं गेलं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ घराघरांत का गेलं? माझ्या मते एक कारण त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापात आहे. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात ते माप चाललं. आणि लक्षात घ्या, वाटी हे डोळ्यांचं माप नाही. भरली का ते बोटाला कळतं. पातेल्यावरची रेघ बघायची तर डोळे लागतात, काठोकाठ भरलेल्या वाटीला नाही लागत. अंध माणसासाठी याहून सोयीचं माप मला तरी सुचत नाही.

सॉफ्टवेअरला मात्र कप कळतो, ग्रॅम कळतो. ‘दीड वाटी गूळ’ लिहा आणि चार जणांचं आठ जणांसाठी करायला सांगा. बहुतेक ठिकाणी ‘दीड’ जागचा हलत नाही, कारण त्याला तो आकडाच वाटत नाही. अडीच, सव्वा, पाऊण यांचंही तेच. आकड्यात लिहिलं तर गणित होतं, पण मग दुसरी गंमत. मीठ दुप्पट होतं, आणि फोडणीची मोहरीही दुप्पट होते. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, फोडणी अशी पाढ्यानं वाढत नसते.

शोधण्याचंही ऐका. ‘साबुदाणा’ ऱ्हस्व लिहिलाय की ‘साबूदाणा’ दीर्घ, ‘दाण्याचं कूट’ की ‘शेंगदाण्याचे कूट’, यंत्राला या वेगवेगळ्या वस्तू. डोळस माणूस यादीवर नजर टाकून शोधेल. ऐकणाऱ्याला तीनशे नावं ऐकावी लागतील. म्हणून सांगतो, एका वस्तूचं एकच नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच लिहा. व्याकरणवाल्यांशी भांडण नको.

आता इतका वेळ सॉफ्टवेअरवाल्यांना बोललो. पण समजा उद्या सगळी बटणं बोलू लागली, मराठी आवाज चोख लागला. तो वाचतो : “कांदा सोनेरी रंगावर परतून घ्या.” मग? दिसत नाही त्यानं सोनेरी रंग कुठून आणायचा?

खरं दुखणं आपल्या लिहिण्यात आहे. छापील पुस्तकं उघडा, मासिकांचे दिवाळी अंक उघडा. गुलाबी होईपर्यंत, पारदर्शक दिसेपर्यंत, तांबूस झाल्यावर. सगळे इशारे डोळ्यांना. आणि व्हिडिओंनी तर कहर केला. “इतपत घालायचं”, “असं दिसलं पाहिजे”, “बघा, कसं छान झालंय”. डोळे मिटून असा एक व्हिडिओ ऐकून बघा. पाच मिनिटांत कळेल की कृती सांगितलीच नाही, फक्त दाखवलीय.

आणि गंमत अशी की बोलीत आपल्याकडे दुसरी भाषा भरपूर आहे. मोहरी तडतडली की. रव्याचा खमंग वास सुटला की. भाकरी फुगली की तिचा आवाज बदलतो. पुरणात डाव उभा राहिला की पुरण झालं, यात रंगाचा संबंध नाही. पाक बोटांत धरून एकतारी बघतात ते बोटांनी कळतं. आपल्याकडचे खापरावरचे मांडे घ्या. ती पोळी हातावर फिरवत वाढवतात. किती पातळ झाली ते मनगटाला कळतं, डोळा मागाहून येतो. ही भाषा आज्या बोलत होत्या. कागदावर उतरताना ती गळाली, कारण लिहिणाऱ्याला वाटलं की रंग सांगणं म्हणजे नेमकं सांगणं. माझं मत उलट आहे. ‘सोनेरी’ हा शब्द दिव्याच्या उजेडागणिक बदलतो. ‘कांद्याचा कच्चा उग्र वास गेला, चमच्याला तो मऊ लागायला लागला आणि कढईतला चुरचुर आवाज बसला’ हे जास्त नेमकं आहे, आणि डोळस माणसालाही जास्त उपयोगाचं.

उदाहरणाला आपली उपवासाची भगर घेऊ. नाशिकला भगर काय असते हे सांगायला नको, तिच्या गिरण्याच इथे आहेत. एरवी लिहितात : ‘भगर तुपावर हलकी गुलाबी परता, पाणी घालून शिजवा.’ आता कानानं, नाकानं लिहू. भगर धुऊन निथळा. जाड बुडाच्या पातेल्यात तूप, जिरं. जिरं तडतडलं की मिरची. भगर घाला, परता. आधी उलथण्याला चिकटल्यासारखी लागेल, मग सुटी होऊन सरसर आवाज करेल आणि भाजल्याचा वास येईल. तेव्हा एका वाटीला अडीच ते तीन वाट्या उकळतं पाणी. इथे चर्रकन वाफ येते, हात लांब ठेवून ओता. पाण्याचा खदखद आवाज थांबून बारीक फुसफुस राहिली की आच मंद, झाकण. किती लांबलं? तीन ओळी. पण या तीन ओळींवर आत्या एकटी भगर करू शकते.

अशी कृती ठेवायला सॉफ्टवेअर लागतं का, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर : साधी मजकुराची फाइल पुष्कळ आहे. एका कृतीची एक फाइल, फाइलला पदार्थाचं नाव. कुकलँग नावाची एक पद्धत आहे, तिच्यात साध्या वाक्यातच जिन्नसापुढे ‘@’, भांड्यापुढे ‘#’ आणि वेळेपुढे ‘~’ अशी खूण करतात. त्यावरून वाणसामानाची यादी यंत्र काढतं आणि वाक्य वाक्यासारखं राहतं. नेक्स्टक्लाऊडचं कुकबुक प्रत्येक कृती एका स्वतंत्र फोल्डरमध्ये, उघडून वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवतं. अ‍ॅप बंद पडलं तरी कृती हातात. विकतचं घ्या, जरूर घ्या, पण आधी दोन-तीन कृती घालून त्या बाहेर काढून बघा. ज्यात घातलेलं साध्या मजकुरात परत निघत नाही, त्यात आईची वही घालू नका.

आपल्याकडे हे एकदा झालंय. युनिकोड रुळण्याआधी लोकांनी हौसेनं कृती टाइप करून ठेवल्या त्या डीटीपीच्या फाँटांत. छापल्यावर सुंदर मराठी. पण आत साठवलेली अक्षरं भलतीच. दिसायची तेवढी मराठी. आज स्क्रीन रीडर लावला तर अगम्य खिचडी ऐकू येते. हस्तलिखित वहीचे फोटो काढून ठेवणं हेही तसंच. फोटो म्हणजे चित्र, आणि चित्र बोलत नाही. छापील देवनागरी ओळखणारी साधनं आता बरी झालीत, पण हाताच्या मोडी वळणाच्या अक्षरापुढे ती अडखळतात.

तेव्हा वही टाइप करायला बसाल तेव्हा जिची वही आहे तिला शेजारी बसवा. आम्ही आत्याचं असंच केलं. मी वाचायचो, ती म्हणायची, “नाही रे, ते तसं लिहिलंय खरं, पण करताना मी असं करते.” ते ‘असं’ टाइप करायचं. आणि प्रत्येक संग्रहाच्या पहिल्या फाइलीत वाटी कुणाची ते लिहा. तिची पितळी वाटी पाण्यानं भरून मोजली तर १६० मिलिलिटर निघाली. माझ्या घरची स्टीलची २०० ची. अनारशाचा गूळ इतकी वर्षं आमच्याकडे का सैल होत होता, ते त्या दिवशी कळलं.