'पहिला विमान कारखाना' म्हणताना: सोळा महिन्यांच्या एका कंपनीची गोष्ट

सांगलीचं वालचंद कॉलेज आपल्याकडे कुणाला माहीत नाही? १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी सुरू केलेल्या या कॉलेजला पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. त्यांच्यावरचं कुठलंही भाषण ऐका, एक वाक्य हमखास येतं: 'भारताचा पहिला विमान कारखाना त्यांनी काढला आणि इंग्रजांनी तो हिसकावून घेतला.' हे वाक्य खोटं नाही. पण थीसिसमध्ये ते जसंच्या तसं चालणार नाही. त्यातले तीन शब्द तपासू: 'त्यांनी', 'विमान' आणि 'हिसकावून'.

आधी घटनाक्रम. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये. तांत्रिक बाजू अमेरिकेच्या विल्यम पॉली यांची, ज्यांचा चीनमध्ये आधीच विमान कारखाना होता. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागीदार झालं. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद आणि इतर खाजगी प्रवर्तकांचे शेअर विकत घेतले. म्हणजे खाजगी उद्योग म्हणून कंपनी जेमतेम सोळा महिने जगली.

आता 'त्यांनी'. कारखाना उभा राहिला तो म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं म्हणून. गौरवकथेत संस्थान मागे पडतं आणि एकटे शेठजी उरतात. हे आपल्या भागालाही लागू आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, तिला जागा मिळाली औंध संस्थानाकडून. औंध आज सातारा जिल्ह्यात. नांगर असो की विमान, उद्योजकाच्या धाडसामागे संस्थानिकाचा पाठिंबा होता. तो वगळला की 'उद्योग कसा उभा राहतो?' या प्रश्नाचं उत्तर फक्त 'जिद्दीने' एवढंच उरतं. ते उत्तर प्रेरणा देतं, कारण सांगत नाही.

दुसरा शब्द 'विमान'. १९४१ मध्ये बंगलोरहून हार्लो जातीचं शिकाऊ वैमानिकांचं विमान उडालं. आराखडा अमेरिकन, मुख्य भागही अमेरिकेतून आलेले. इथे तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो: जोडणी करणं, परवान्यावर बनवणं आणि स्वतः आराखडा करणं. इथे आराखडा केलेलं, इंजिनवर उडणारं एचटी-२ विमान आकाशात गेलं ते ऑगस्ट १९५१ मध्ये. त्यामागे होते डॉ. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूर भागातले, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. जोडणी ते आराखडा यांत दहा वर्षं आहेत. त्या दहा वर्षांत १९४३ पासून हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात होता, आणि तिथे मुख्य काम होतं दुरुस्तीचं. उघडून पुन्हा जोडलेल्या विमानांवर किती हात तयार झाले असतील? 'पहिलं कोण' यापेक्षा हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण दुरुस्तीचे समारंभ होत नाहीत, म्हणून ती कथेत येत नाही.

तिसरा शब्द सगळ्यात नाजूक: 'हिसकावून'. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणमवर जपानी बाँब पडले. व्यवहार याच दिवसांतला, आणि शेअरचे पैसे दिले गेले. शिवाय विमानं बनवणाऱ्या खाजगी कंपन्या सरकारने घेणं ही फक्त वसाहतीतली गोष्ट नव्हती. ऑगस्ट १९३६ च्या कायद्याने फ्रान्सने स्वतःच्याच कितीतरी विमान कंपन्या राष्ट्रीय कंपन्यांमध्ये विलीन केल्या. तेव्हा नुसत्या ताब्यावरून 'परकीय आकस' सिद्ध होत नाही.

मग आकस नव्हताच का? तसंही म्हणता येत नाही. म्हैसूरने आपले शेअर सोडले नाहीत, तरी व्यवस्थापन दिल्लीच्याच हाती गेलं. शिवाय कारखान्याच्या प्रस्तावाला गती आली ती १९४० मध्ये फ्रान्स पडल्यानंतर, ब्रिटनला स्वतःलाच विमानं कमी पडू लागल्यावर. वसाहतवादाचा पुरावा शोधायचा तर तो १९४२ च्या ताब्यात नाही, त्याआधीच्या दिरंगाईत शोधायला हवा. गौरवकथा चुकीच्या तारखेवर बोट ठेवते आणि आपलाच मुद्दा कमकुवत करते.

यात साधनांचाही दोष आहे. गं. दे. खानोलकरांचं वालचंदांवरचं १९६९ चं इंग्रजी चरित्र वालचंद कंपनीनेच छापलं. दुसरीकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या अधिकृत इतिहासात १९४२ चा बदल जेमतेम एका वाक्यात उरकतो. एकाला संस्थापक मोठा करायचा आहे, दुसऱ्याला सलग परंपरा दाखवायची आहे. दोन्ही वाचाच, पण कोणी काय गाळलं याची यादी सोबत ठेवून वाचा.

एवढी छाननी केल्यावर वालचंदांचं श्रेय कमी होत नाही. युद्धाच्या ऐन धामधुमीत परदेशी तंत्रज्ञ, संस्थानाचा पैसा आणि दिल्लीची परवानगी एकत्र आणणं, तेही वर्षभरात, हे काम अफाटच होतं. फक्त त्याला 'जुळवणी' म्हणावं, आणि 'निर्मिती' हा शब्द घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी राखून ठेवावा.