अनेक हातांची निर्मिती : 'माटा आहो' समूहाच्या कलाकृती

व्हेनिस येथील साठाव्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात २० एप्रिल २०२४ रोजी सर्वोत्तम सहभागाबद्दलचा 'सुवर्णसिंह' पुरस्कार न्यूझीलंडच्या 'माटा आहो' या समूहाला मिळाला. एरेना बेकर, सारा हडसन, ब्रिजेट रेवेटी आणि टेरी टे टाऊ या चार माओरी स्त्रिया २०१२ पासून एकत्र काम करीत आहेत. कलाकृती एक, नाव एक आणि कर्त्या चार, अशी ही व्यवस्था आहे. एका प्रतिभावंताची एक कृती हे आधुनिक कलासमीक्षेचे गृहीतक तिने अडचणीत आणले आहे.

माओरी स्त्रियांची विणकामाची परंपरा जुनी व समृद्ध आहे. हराकेके या वनस्पतीच्या पानांपासून व धाग्यांपासून चटया, टोपल्या, अंगावर घेण्याची वस्त्रे तयार होतात. वस्त्रे मागाविना, बोटांनी विणली जातात. या परंपरेवर आधारलेल्या समकालीन कलेत तीच पाने दिसावीत, अशी प्रेक्षकाची सहज अपेक्षा असते. माटा आहोने ती पूर्ण केलेली नाही. 'टे फारे पोरा' (२०१२) ही पहिली कलाकृती माओरी घरांत सर्रास आढळणाऱ्या जाड, मऊ, काळ्या ब्लँकेटांची आहे. 'किको मोआना' (२०१७) निळ्या ताडपत्रीला घड्या घालून, छेद देऊन व शिवून केलेली आहे. साधने बाजारातली आणि स्वस्त आहेत. तरीही या कृती परंपरेच्या बाहेर पडत नाहीत. 'फारे पोरा' म्हणजे विणकाम शिकण्याचे घर. तिथे विणीबरोबर तिच्यामागचे ज्ञान आणि आचारही शिकवले जात. समूहाने परंपरेतून घेतली ती ही एकत्र बसून शिकण्याची रीत. साधन मात्र आजच्या जगण्यातले घेतले.

व्हेनिसमध्ये मांडलेली 'टाकापाऊ' (२०२२) या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. टाकापाऊ म्हणजे विधींच्या वेळी, विशेषतः प्रसूतीच्या प्रसंगी अंथरली जाणारी बारीक विणीची चटई. येथे ती ट्रकवरचा माल आवळण्याच्या चकाकत्या पट्ट्यांची आणि पोलादी बकलांची आहे, आणि जमिनीवर नसून डोक्यावर ताणलेली आहे. प्रकाश पडला की पट्टे उजळतात व विणीच्या सावल्या भिंतीवर उतरतात. खाली उभा राहिलेला प्रेक्षक अंधार आणि उजेड यांच्या सीमेवर, म्हणजे जन्माच्या क्षणी, येऊन ठेपतो. बोजा आवळणारा पट्टा आणि प्रसूतीची चटई यांची ही सांगड केवळ चमत्कृती नव्हे. वजन पेलणे हा दोहोंचा समान धर्म आहे.

सामूहिकतेचा दुसरा पैलू 'आटापो' (२०२०) या कलाकृतीत दिसतो. ती ज्येष्ठ कलावती मॉरीन लँडर यांच्यासमवेत साकारली आणि २०२१ चे वॉल्टर्स पारितोषिक समूहाला त्यांच्यासह मिळाले. येथे ज्येष्ठ पिढी केवळ ऋणनिर्देशात राहिली नाही. ती सहकर्ती झाली.

काही प्रश्न मात्र उरतात. चटई अंथरायची, तिच्यावर माणसाने टेकायचे. दालनात ती केवळ पाहण्याची वस्तू होते. तिचा विधी ठाऊक नसलेल्या परदेशी प्रेक्षकाच्या हाती भव्यता आणि लखलखाट तेवढाच येण्याची शक्यता असते. 'किको मोआना'साठी समूहाने जलचर शक्तींच्या कथा संकलित केल्या होत्या. त्या वगळल्या तर निळ्या ताडपत्रीचे सौंदर्य उरते, अर्थ दुणावत नाही. शिवाय पुरस्कार समूहाला मिळाला तरी तो चार नावांपाशी थांबतो. ज्या अनाम विणकर स्त्रियांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना कर्त्यांच्या यादीत जागा नाही. समूहही कालांतराने एक नवा 'एकटा कलावंत' बनू शकतो, हा धोका समीक्षेने नजरेआड करू नये.

या मर्यादा मान्य करूनही माटा आहोचे कार्य एक रूढ विभागणी तपासायला लावते. स्त्रियांच्या एकत्रित हातकामाला 'हस्तकला' आणि एकट्याच्या स्वाक्षरीला 'कला' म्हणण्याची सवय अभ्यासक्रमांतही मुरलेली आहे. परंपरेवर आधारलेल्या कृतीचे मूल्यमापन करताना तिची साधने जुनी आहेत का, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ती कोणाकडून शिकली, कोणाबरोबर घडवली आणि ज्यांची ती परंपरा आहे त्यांना ती आपली वाटते का, हे प्रश्न अधिक उपयोगी आहेत. 'टाकापाऊ' पहिल्या दोन प्रश्नांना चोख उत्तर देते. तिसऱ्याचे उत्तर व्हेनिसच्या पारितोषिकाने मिळणारे नाही. ते माओरी समाजाकडूनच यावे लागेल.