घटनात्मक राजाचे मौन आणि मणिबेली

शिक्का एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असू शकतो, हे जुनी पत्रे चाळणाऱ्यास सांगणे नलगे. 1749 साली शाहू महाराज निवर्तल्यावर नाव साताऱ्याच्या गादीचे राहिले, कारभार पुण्याचा झाला. घटनात्मक राजाची स्थिती काहीशी अशीच असते. भारताचा राष्ट्रपती हा राजा नव्हे हे खरे. तथापि त्याचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, तो राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, शास्ता नव्हे, असे डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनासमितीत स्पष्ट केले होते. मग ज्या प्रश्नावर लोकांत दोन तट पडले आहेत, त्यावर अशा पुरुषाने बोलावे काय?

राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचे 25 जानेवारी 2001 चे भाषण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. संसदेपुढील अभिभाषण हे मंत्रिमंडळाचे असते. प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येचे हे भाषण निराळ्या जातीचे. सरदार सरोवराची भिंत 90 मीटरपर्यंत नेण्यास सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 रोजी अनुमती दिली, त्यास पुरते चार महिनेही लोटले नव्हते. अक्कलकुवा तालुक्यातील नर्मदाकाठचे मणिबेली हे महाराष्ट्रात बुडिताची झळ प्रथम लागलेल्या गावांपैकी एक. मोठ्या नदीखोरे प्रकल्पांनी आदिवासी उन्मूलित होत आहेत, त्यांना विश्वासात घ्यावे, पुनर्वसन प्रामाणिकपणे करावे, असा भाषणाचा आशय होता.

गादीचा धनी एकदा एका पक्षात मोजला गेला, की आणीबाणीच्या वेळी त्याचा शब्द दुसरा पक्ष मानीत नाही, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु संहिता पाहावी. अभिधेने पाहता तीत मणिबेली नाही, नर्मदा नाही, कोणत्या पक्षाचे नावही नाही. व्यंजना मात्र कोणासही चुकली नसावी. शिवाय मागणी नवी नव्हती. बुडितापूर्वी पुनर्वसन व्हावे, हे नर्मदा जलविवाद लवादाने 1979 सालीच ठरविले होते. राष्ट्रपतीच्या शपथेत घटनेच्या रक्षणाबरोबर जनतेच्या सेवेचा व कल्याणाचाही उल्लेख आहे. राजाच्या उपमेवर विसंबून तो भाग गाळता येणार नाही. सबब बोलणे अधिकारास धरून होते, असे आमचे मत आहे.

दोष आहे तो दुसरा. ज्या सावधपणाने भाषण निर्दोष राहिले, त्यानेच ते निरुपद्रवीही झाले. ज्या पत्रावर कोणाचे नाव नाही, ते कोणाच्याही दप्तरी विनाउत्तर पडून राहते.

रेवाखंडात शूलभेदतीर्थाचे माहात्म्य विस्ताराने आले आहे. त्या परिसरातील जुने शूलपाणेश्वराचे देऊळ पाण्याखाली गेले, याची हळहळ आपण संग्राहक करतो. देवळास निदान पोथी आहे. मणिबेलीच्या आदिवासींपाशी ना सनद, ना बखर. जे आहे ते मुखोद्गत, आणि ते सांगणारी माणसेच विखुरली. पुढील संशोधकाने हे भाषण 1979 च्या निवाड्याशेजारी ठेवावे आणि गावनिहाय पुनर्वसनाच्या नोंदी समोर घेऊन ओळीने ताडावे.