कमी बुद्ध्यांक आणि सायकोसिस: एक पेपर, तीन प्रश्न

रत्नागिरीकरांना मनोरुग्णालय नवीन नाही, 1886 पासून ते इथे आहे. आणि एखाद्याच्या आजाराचा विषय निघाला की येणारं हे वाक्यही नवीन नाही: "फार हुशार होता हो, अभ्यासानेच डोकं फिरलं." ते तपासायचं तर ज्या पेपरपासून सुरुवात करावी, तो आज वाचूया. पण त्यातून 'अभ्यासात मागे पडलेलं मूल म्हणजे धोक्यातलं मूल' असा उलटा गैरसमजही करून घ्यायचा नाही.

पेपर 2011 चा, 'स्किझोफ्रेनिया रिसर्च' या नियतकालिकातला, गोलम खंडाकर आणि सहकाऱ्यांचा. आजार होण्याआधीच ज्यांचा बुद्ध्यांक मोजला गेला होता, अशांचे वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे त्यांनी एकत्र केले. पुढे स्किझोफ्रेनिया झालेले 4,396 जण आणि न झालेले 7 लाख 45 हजारांहून अधिक. आजारी पडलेल्यांचा आधीचा बुद्ध्यांक सरासरीने कमी होता, इफेक्ट साइज 0.43. बुद्ध्यांक एक गुण कमी असला की धोका सुमारे 3.7 टक्क्यांनी जास्त. म्हणजे अति हुशारीने डोकं फिरतं, याला इथे आधार मिळत नाही.

पहिला प्रश्न: फरक केवढा?

बुद्ध्यांक चाचण्यांचं प्रमाण विचलन 15 गुणांचं असतं. त्यामुळे 0.43 म्हणजे साधारण साडेसहा गुण. आता पुढे आजारी पडलेला एक आणि न पडलेला एक, अशा 100 जोड्या मनात धरा. गणित करून बघा: जवळपास 38 जोड्यांत आजारी पडलेल्याचाच बुद्ध्यांक जास्त निघेल!

धोक्याचंही तसंच. 15 गुण कमी असतील तर 3.7 टक्क्यांच्या हिशेबाने धोका सुमारे 1.7 पट होतो. बातमीत याचं 'धोका 70 टक्क्यांनी वाढतो' असं होईल. पण आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण मुळात हजारी 7 च्या आसपास. ते 12 झालं, तरी 988 जणांना हा आजार होत नाही. या आकड्यांवरून आजाराच्या मुळाबद्दल काही कळू शकतं, एखाद्या मुलाची पत्रिका मांडता येत नाही.

दुसरा प्रश्न: मोजलं कधी?

समजा तुम्ही ठरवलंत, मनोरुग्णालयातून 100 रुग्ण घेऊ, चाचणी करू, कंट्रोलशी तुलना करू. पण मग आजाराचा आणि औषधांचाही परिणाम मोजला जाईल. बरं, 'लहानपणी कसा होता?' असं घरच्यांना विचारलं, तर आठवणी आजच्या दुःखातून गाळून येतात. आधीच केलेली मोजणी वापरणं ही या पेपरची खरी ताकद.

पण तिथेही अडचण आहेच. स्वीडनमधल्या प्रसिद्ध अभ्यासात 1969-70 साली सैन्यभरतीला आलेले सुमारे 50 हजार तरुण होते. संख्या भरपूर, पण वय 18 च्या पुढे, आणि मुली नाहीतच. या वयात काहींना आजाराची चाहूल लागलेली असू शकते. उलट ब्रिटनच्या 1946 च्या जन्म-कोहोर्टमध्ये मुलांना 8, 11 आणि 15 व्या वर्षी तपासलं होतं. फरक आठव्या वर्षीही दिसला, पण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण अवघे 30. एकीकडे संख्या, दुसरीकडे लहान वय. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये हे सगळं एका आकड्यात मिसळतं, म्हणून मूळ पेपर उघडायचा आळस करू नका.

तिसरा प्रश्न: कारण की खूण?

कमी बुद्ध्यांकामुळे आजार होतो, की दोन्ही एकाच मुळातून येतात? 2015 मध्ये केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या 12 लाख पुरुषांची माहिती तपासताना नातेवाइकांचे बुद्ध्यांकही बघितले. घरच्यांवरून जेवढा अपेक्षित होता त्यापेक्षा बुद्ध्यांक किती खाली राहिला, याच्याशी धोक्याचं नातं जास्त घट्ट निघालं. म्हणजे नुसता आकडा बघून भागत नाही. मेंदूच्या वाढीत कुठेतरी अडथळा आला असावा, आणि कमी बुद्ध्यांक ही त्याची एक खूण असावी, असं वाचणं जास्त सयुक्तिक.

मग हे आपल्याकडे का करत नाही? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा, जवळच्या सहा गावांतला माता-पोषण अभ्यास 1993 पासून सुरू आहे, आणि त्यात नऊ वर्षांच्या मुलांची बौद्धिक क्षमताही मोजली गेली. पण मुलं सातशेच्या घरात. हजारी 7 धरले तर आयुष्यभरात रुग्ण पाचच! हा त्या अभ्यासाचा दोष नाही, तो वेगळ्या प्रश्नासाठी उभा केलेला आहे. आणि दहावीचे गुण बुद्ध्यांकाऐवजी वापरायचा मोह झाला, तर एवढंच आठवा: कोकण विभाग बहुतेक वर्षी राज्यात पहिला येतो. त्यात शाळा, शिक्षक, घर, सगळंच मोजलं जातं.

तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःच्या विषयाला विचारा. आणि पुढच्या वेळी कुणी "अभ्यासानेच डोकं फिरलं" म्हणालं, तर नाही म्हणा. पण "तो आधीपासूनच मठ्ठ होता" असं उत्तर मात्र देऊ नका. आकडे तेही सांगत नाहीत.